वीस-पंचवीस मुलाखतींवर पीएचडी होते का?

बोरीकाठ :
नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसती वाचक होते, आज गरजेपोटी धागा काढते आहे.

समाजशास्त्रात पीएचडीला नाव नोंदवलं आहे. विषय आहे अमळनेर, पारोळा, चोपडा या पट्ट्यात कापूस वेचणीला जाणाऱ्या बायांची मजुरी कोण, कशी आणि कुठे ठरवतं. टोळी कशी जमते, मुकादमीण कोण होते, किलोमागे दर ठरताना कोण बोलतं, कोण गप्प बसतं, हे मला समजून घ्यायचं आहे. त्यासाठी वीस-पंचवीस सविस्तर मुलाखती, शेतात बसून निरीक्षण आणि दोन-तीन गटचर्चा असा आराखडा लिहून नेला. कमिटीतल्या एका सरांनी सिनॉप्सिस उघडायच्या आधीच विचारलं, "फक्त वीस? मग बाकीच्या हजारो बायांचं काय? तीनशेची प्रश्नावली घ्या, कायस्क्वेअरची सांख्यिकी चाचणी लावा, गृहीतक सिद्ध करा आणि मोकळ्या व्हा."

आता गंमत म्हणजे प्रश्नावली मी आधीच वापरून पाहिली होती. "मला मिळणारी मजुरी योग्य आहे", मग पूर्ण सहमत ते पूर्ण असहमत अशी पाच घरं. एकूण एक बाईने 'सहमत'. वजन बरोबर होतं? सहमत. मालक वेळेवर पैसे देतो? सहमत. सावलीची सोय? सहमत, आणि शेतात औषधाला झाड नाही! मालक बांधावर उभा, मुकादमीण शेजारच्या तासात वेचतेय, कमरेला जुन्या लुगड्याचा ओटा बांधलेला, दोन्ही हात बोंडात. अशा बाईला मी विचारतेय की ताई, तुम्ही सहमत आहात की पूर्ण सहमत?

कमिटीला काय उत्तर देऊ? मुलाखती नेमक्या किती पुरतात? आणि असलं काम केलेलं कुणी इथे असेल तर प्रत्यक्षात काय अडचणी येतात तेही सांगा.

शेवभाजी :
तीनशे फॉर्म भरायला झेरॉक्सचे पैसे कमिटी देणार का, हे आधी विचारा. बाकी जागा धरून बसलो आहे. चालू द्या.

सांख्यिक :
धागा चांगला आहे, पण आकड्यांना झोडपायला सगळे जमण्याआधी विरोधी मत नोंदवतो. संख्याशास्त्र शिकवतो, त्यामुळे पूर्वग्रह आहेच.

एक, तुमची प्रश्नावली फसली यात संख्यात्मक पद्धतीचा दोष नाही. रेन्सिस लिकर्टने १९३२ मध्ये ही मोजपट्टी मांडली ती बांधावर मालक उभा करून भरून घ्यायला नव्हे. प्रश्न वाईट, जागा वाईट, वेळ वाईट. त्याच जागी मुलाखत घेतली असती तरी 'सगळं बरं आहे' हेच ऐकायला मिळालं असतं.

दोन, कमिटीतले सर चुकीच्या भाषेत बोलले असतील, पण शंका खरी आहे. शितावरून भाताची परीक्षा होते, कारण भात एकाच पातेल्यात शिजलेला असतो. तुमच्या बाया एका पातेल्यातल्या नाहीत. गाव वेगळं, जात वेगळी, कुणाकडे दोन बिघे जमीन आहे, कुणाकडे काही नाही. वीस जणींशी बोलून 'खान्देशातील महिला मजुरांना असे वाटते' हे वाक्य तुम्ही लिहिणार असाल तर मी सरांच्या बाजूचा.

बिबडे :
सांख्यिक सर, भाताचं पटलं. पण तीनशे 'सहमत' गोळा करून तरी काय मिळणार? तेच खोटं तीनशे वेळा.

दुष्ट_परीक्षक :
प्रबंध तपासणं हा माझ्या पोटापाण्याचाच भाग आहे, म्हणून जरा लांबलचक लिहितो.

'किती' हा प्रश्न गुणात्मक कामात थोडा आडवा पडतो. संख्यात्मक सर्वेक्षणात नमुना हा लोकसंख्येच्या वतीने बोलतो, म्हणून तो यादृच्छिक हवा आणि पुरेसा मोठा हवा. इथे मात्र एखादी गोष्ट घडते कशी, हे उलगडायचं असतं. मजुरीचा दर ठरताना मुकादमीण मालकाशी काय बोलते आणि टोळीला काय सांगते, यातला फरक तीनशे फॉर्ममध्ये दिसणारच नाही. तो ज्यांच्या बोलण्यात सापडेल अशी माणसं तुम्ही मुद्दाम निवडता. मुकादमीण, टोळीत यंदाच आलेली सून, टोळी सोडून एकटी जाणारी, स्वतःचा कापूस असूनही दुसऱ्याच्या शेतात वेचणारी. ही निवड का केली ते सिनॉप्सिसमध्ये परिच्छेदभर लिहा. कमिटीला आकड्यापेक्षा ती कारणं द्या.

आकडा हवाच असेल तर सगळे जो दाखला देतात तो ग्रेग गेस्ट आणि सहकाऱ्यांचा २००६ चा लेख. पश्चिम आफ्रिकेतल्या दोन देशांत, घाना आणि नायजेरियात, स्त्रियांच्या ६० मुलाखती त्यांनी घेतल्या आणि मागे वळून तपासलं तर बहुतेक सगळे मुद्दे पहिल्या १२ मुलाखतींतच येऊन गेले होते. यालाच सॅच्युरेशन म्हणतात. पण हा १२ चा आकडा ताईत म्हणून गळ्यात बांधू नका. त्या स्त्रिया बऱ्याच बाबतीत एकमेकींसारख्या होत्या आणि सगळ्यांना जवळपास तेच प्रश्न विचारले होते. तुमच्याकडे चार तऱ्हेच्या बाया असतील तर हिशेब बदलतो. शिवाय थीमॅटिक ॲनालिसिसच्या (मुलाखतींतून समान सूत्रं शोधण्याच्या पद्धतीच्या) ज्या २००६ च्या लेखावर अर्धी पीएचडी उभी आहे, त्याच्या लेखिका व्हर्जिनिया ब्रॉन आणि व्हिक्टोरिया क्लार्क. त्यांनीच पुढे लिहिलं आहे की त्यांच्या पद्धतीला सॅच्युरेशनची कसोटी नीट लागू पडत नाही. म्हणजे दोन्ही दाखले एकाच वाक्यात घातलेत तर व्हायव्हाला (तोंडी परीक्षेला) मी नक्की पकडीन.

ग्लेझर आणि स्ट्रॉस यांनी १९६७ मध्ये ग्राउंडेड थिअरी (मिळालेल्या माहितीतूनच सिद्धान्त उभा करण्याची पद्धत) मांडली तेव्हा मुद्दा असा होता की पुढचा माणूस कोण निवडायचा ते आधीच्या मुलाखतींनी ठरवावं. पहिल्या पाच-सहा जणींनी 'वजनाच्या वेळी भांडण होतं' असं सांगितलं, तर सातवी अशी शोधा जिचं कधीच भांडण झालं नाही. आणि तिच्याशी जास्त वेळ बोला. तुमचा सिद्धान्त मोडणारी बाई हीच तुमची सगळ्यात मौल्यवान साक्षीदार.

कळणा :
मी शेतकरी घरातली, कापूस आमचाही असतो. बोरीकाठ ताई, 'मालक बांधावर उभा' हे वाचून जरा खटकलं. बांधावर उभं राहणारा प्रत्येक जण वजनात दांडी मारणाराच असतो असं धरूनच तुम्ही निघालात का?

आमच्या बाजूनेही ऐका. पहिल्या-दुसऱ्या वेचणीला झाड भरलेलं असतं, बाई दिवसभरात भरपूर कापूस काढते आणि तिला किलोनेच परवडतं. शेवटी शेवटी बोंड दूर दूर आणि कवडी झालेली, तेव्हा बाया म्हणतात रोजाने द्या नाहीतर किलोचा दर वाढवा. त्यांचं बरोबर आहे. पण त्याच वेळी आमच्या हातात शेवटचा, कमी भावाचा कापूस असतो. ऐन हंगामात सगळ्यांचा कापूस एकदमच फुटतो, मग मुकादमीण म्हणेल तो दर. कधी कधी आदल्या रात्री फोन येतो की उद्या टोळी दुसऱ्याकडे चालली. दर मालक ठरवतो असं तुम्ही गृहीत धरलं असेल तर आधी एकदा आमच्याकडे येऊन पाहा. आणि मालकाची मुलाखत घ्याल तेव्हा मालकिणीची पण घ्या. बायांशी बोलणं तीच करते.

बोरीकाठ :
कळणा ताई, खूप आभार. गृहीत धरलेलं नाही, म्हणून तर मुलाखती घ्यायच्या आहेत. पण मालकिणींचा विचार आराखड्यात नव्हता, तो घालते.

सांख्यिक सर, जागा आणि वेळेबद्दल तुमचं म्हणणं पटलं. एक प्रसंग सांगते. ज्या मावशींनी फॉर्मवर वजनाला 'सहमत' म्हटलं, त्या संध्याकाळी काट्यापाशी होत्या. काटा लटकवलेला, गाठोडं चढवलं, मालकाने आकडा सांगितला. मावशी काही बोलल्या नाहीत. फक्त गाठोडं खाली घेतलं आणि शेजारणीला दिलं, तिने ते हातात तोलून मान हलवली आणि परत काट्याला लावलं. दुसऱ्यांदा आकडा थोडा वाढला. कुणी भांडलं नाही, कुणी शब्द काढला नाही. घरी जाताना मी विचारलं की मावशी, फॉर्मवर तर तुम्ही वजन बरोबर म्हणालात. त्या म्हणाल्या, "त्यासना समोर काय सांगसूत ताई?" आणि हसल्या.

हे मी प्रश्नावलीच्या कुठल्या घरात लिहू?

दुष्ट_परीक्षक :
लिहिलंत की आत्ताच. हा परिच्छेद जसाच्या तसा वहीत उतरवा, तारीख, वेळ, कोण कुठे उभं होतं यासह. क्लिफर्ड गीर्ट्झने १९७३ मध्ये 'सघन वर्णन' म्हणून ज्याचा आग्रह धरला ते हेच. गाठोडं दोनदा चढलं ही नुसती हालचाल झाली. ती तक्रार होती, आणि मालकासह तिथल्या प्रत्येकाला ती कळली, हे त्यावरचं वर्णन. आणि दरवेळी एक नोंद न चुकता ठेवा. मुलाखत चालू असताना शेजारी कोण बसलं होतं? सासू, नवरा, मुकादमीण, पोरं, कुणीही. मी तपासलेल्या बहुतेक प्रबंधांत ही साधी ओळ नसते आणि त्यामुळे निम्म्या अवतरणांना काही अर्थ उरत नाही.

पांझरा :
आम्ही धुळ्याचे. माझा प्रश्न वेगळाच. मुलाखती अहिराणीत घेणार ना? मग लिहिणार कशात? आमच्या ओळखीतल्या एकाने सगळ्या मुलाखती 'शुद्ध' करून लिहिल्या. वाचताना वाटे की शिरपूरची म्हातारी सदाशिव पेठेत राहायला गेली. अहिराणीमा लिखा ताई, आपली बोली शे, लाज कसानी?

शेवभाजी :
अवांतर: ग्रिअर्सनने भारताच्या भाषिक सर्वेक्षणात खान्देशीला (म्हणजे अहिराणीला) भिल्ली बोलींच्या खंडात बसवलंय, १९०७ सालचा खंड. तेव्हापासून आमच्याकडे भाषा की बोली यावर लग्नाच्या पंगतीत ताटं वाजतात. पांझराभाऊ, सुरू नका करू.

पांझरा :
सुरू त तूच करी राहिना भाऊ.

कळणा :
आणि रावेर-यावलची लेवा गणबोली, जामनेरकडची तावडी? सगळं खान्देश म्हणजे अहिराणी नव्हे, हेही कुणीतरी सांगायला हवं होतं.

संपादक मंडळ :
बोलींवर वेगळा धागा काढावा ही विनंती.

बिबडे :
ट्रान्सक्रिप्ट करण्यावर मी बोलू शकते, कारण एका प्रकल्पात तेच काम केलं. तासभराचं रेकॉर्डिंग उतरवायला पाच-सहा तास जातात. शेतातलं असेल तर जास्तच. वारा, फवारणीच्या पंपाचा आवाज, मध्येच कुणीतरी "ए पाणी आण". फोनच्या व्हॉइस टायपिंगला अहिराणी ऐकवून पाहा, हसून पोट दुखेल. हाताने उतरवणं कंटाळवाणं आहे, पण उतरवताना जितकं कळतं तितकं नंतर कोडिंग करताना (मजकुराला विषयांच्या खुणा लावताना) कळत नाही. बाई कुठे थांबली, कुठे आवाज खाली गेला, कुठे 'आम्ही' म्हणता म्हणता 'मी' वर आली. पैसे देऊन बाहेरून उतरवून घेऊ नका. घेतलंच तर किमान पहिल्या काही स्वतः करा.

मूळ बोलीत उतरवा आणि प्रबंधात प्रमाण मराठी अर्थ खाली द्या. आम्ही तसं केलं होतं. सॉफ्टवेअरला हजारो रुपये घालायची गरज नाही. टॅगेट नावाचं फुकटचं आहे, नाहीतर रंगीत पेन.

सुरतपासिंजर :
मी नंदुरबार जिल्ह्यातला, नोकरीला सुरतेत. इतका वेळ नुसतं वाचत होतो. एक सांगतो, रागावू नका. इथे सगळे संशोधन करणारे बोलताय. ज्याच्यावर संशोधन होतं त्याच्याकडून ऐका.

आमच्याकडे धडगाव, अक्कलकुव्यात धरण आलं तेव्हा महाराष्ट्रातली ३३ गावं सरदार सरोवरात गेली. त्या गावांत सर्वेक्षणं किती झाली याची गणती नाही. सरकारचे, संस्थांचे, विद्यापीठांचे, परदेशातले. माझ्या मामांकडे एक जण घराचे वासे मोजून गेला, दुसरा कोंबड्या मोजून गेला, तिसरा 'विस्थापनामुळे तुम्हाला काय वाटतं' असं विचारून गेला. मामा म्हणाले, आधीच्या दोघांना उत्तर दिलं, याला काय देऊ? माहिती घेऊन जाणारे सगळे, पण काय लिहिलं ते येऊन सांगणारा एखादाच.

सहीचं पण बघा. तुमच्यात संमतीपत्र म्हणून कागदावर सही घेतात ना? आमच्याकडे कागदावर अंगठा दिला की जमीन जाते, हे पोरासोराला माहीत आहे. सही मागितली की माणूस बोलायचाच बंद होतो.

आणि शेवटचं. तुमच्या पीएचडीने त्या मावशींच्या किलोमागे एक रुपया तरी वाढणार आहे का?

शेवभाजी :
(या प्रतिसादावर विनोद सुचत नाही.)

दुष्ट_परीक्षक :
सुरतपासिंजर भाऊ, रागावण्यासारखं काही नाही. संमती तोंडी घेता येते. फोनवर रेकॉर्डिंग सुरू करून आधी सांगायचं की मी कोण, कशासाठी, कुठे वापरणार, नको असेल तर कधीही थांबवा, आणि त्यांचं हो-नाही त्यातच येऊ द्यायचं. अक्षरओळख नसलेल्या किंवा कागदाची भीती असलेल्या लोकांबरोबर हे रीतसर मान्य आहे. नीतिविषयक समितीकडे तसं कारण देऊन अर्ज करावा लागतो, एवढंच.

याहून अवघड प्रश्न ओळख लपवण्याचा आहे. प्रबंधात नाव बदलून 'सखूबाई, वय ४५, विधवा, मुकादमीण, दोन म्हशी' असं लिहिलं की गावात शेंबडं पोर सांगेल की ही कोण. पुण्या-मुंबईच्या वाचकाला नाही कळणार, पण तिला त्रास द्यायला पुण्याहून कुणी येणार नाही. जो देईल तो त्याच गावातला आहे. म्हैस बदला, वय ढोबळ ठेवा, गरज पडली तर दोघींची माहिती एकत्र करा, आणि तसं केल्याचं पद्धतीच्या प्रकरणात सांगा. गाठोड्याची गोष्टही अशीच. तो मालक कोण हे गावाला लगेच कळेल, तेव्हा ती छापायच्या आधी मावशींना विचारा.

रुपया वाढेल का याचं माझ्याकडे उत्तर नाही. 'वाढेल' असं सांगून मुलाखत घेणं मात्र फसवणूक आहे, आणि ती सर्रास होते.

माजी_सर्वेक्षक :
सुरतपासिंजर यांच्याशी शंभर टक्के सहमत. मी बऱ्याच संस्थांसाठी सातपुड्यात फॉर्म घेऊन फिरलेला माणूस. रॉबर्ट चेंबर्स यांनी १९८३ मध्ये लिहिलं होतं की बाहेरून येणारा अभ्यासक डांबरी रस्त्याच्या कडेचं गाव बघतो, कोरड्या हंगामात येतो, गावातल्या पुढाऱ्यांशी बोलतो आणि पुरुषांशी बोलतो. आमच्या भागात हे जसंच्या तसं दिसतं. गाडी मोलगीपर्यंत जाते, पुढे पायी जायचं असतं, मग नमुना मोलगीच्या आसपासचाच 'निघतो'. आणि हंगाम म्हणाल तर दिवाळीनंतर अर्धा पाडा ऊसतोडीला गुजरातेत. जानेवारीत सर्व्हेवाला येतो, घरी म्हातारे आणि लहान पोरं. अहवालात लिहिलं जातं की कुटुंबात काम करणाऱ्यांचं प्रमाण कमी!

बोरीकाठ ताई, तुमच्याकडे याचा उलटा प्रश्न येईल. वेचणीच्या दिवसांत बाया सापडतात, पण त्यांना वेळ नसतो. वेळ असतो तेव्हा त्या टोळीत नसतात. दोन्ही वेळा जावं लागेल.

बिबडे :
श्रावणात कानबाईच्या सणाला जा. रोट झाल्यावर रात्रभर बाया जागतात, गाणी म्हणतात, एकमेकींची खेचतात. मुलाखतीत जे कुणी सांगत नाही ते गाण्यात बिनधास्त येतं. गी पॉइट्व्हँ आणि हेमा राईरकर यांनी जात्यावरच्या लाखावर ओव्या गोळा केल्या, त्यात नवऱ्याबद्दल, सासरबद्दल, मजुरीबद्दल काय काय आहे ते पाहा. प्रश्नावलीतल्या बाईपेक्षा ही बाई फार वेगळी बोलते.

पांझरा :
पण कानबाईला वही-पेन घेऊन नका बसू ताई. आई हाकलून देईल.

दुष्ट_परीक्षक :
पांझरांना दुजोरा. विल्यम फूट व्हाइट १९३० च्या दशकात बोस्टनच्या इटालियन वस्तीत राहून अभ्यास करत होता. एकदा त्याने नको तिथे नको तो प्रश्न विचारला आणि बैठक थंड पडली. त्याच्या तिथल्या मित्राने समजावलं की प्रश्न विचारणं सोड, नुसता बसत जा, उत्तरं आपोआप मिळतील. सहभागी निरीक्षणावर इतकं लिहिलं गेलंय, पण गल्लीतल्या त्या पोराने जे सांगितलं ते वर्गात शिकवायला सगळ्यात अवघड जातं, कारण विद्यार्थ्यांना वेळापत्रक हवं असतं.

शेवभाजी :
वहीवरून आठवलं. समाजशास्त्रज्ञ एम. एन. श्रीनिवास यांनी म्हैसूरजवळच्या गावात १९४८ साली राहून टिपणं केली होती. १९७० मध्ये स्टॅनफर्डला ते त्यावर लिहीत असताना तिथे कुणीतरी आग लावली आणि टिपणांच्या तिन्ही प्रती जळाल्या. तिन्ही एकाच ठिकाणी! माणसाने मग आठवणींतून पुस्तक लिहिलं. आपण श्रीनिवास नाही, तेव्हा बोरीकाठ ताई, रोजच्या रोज वहीचे फोटो काढून मेलवर टाका. फोन कापसाच्या गाठोड्यात गेला तर जिनिंगमध्येच सापडेल.

सांख्यिक :
चर्चा वाचून थोडा मवाळ झालो आहे, पूर्ण नाही.

गुणात्मक प्रबंधांवर माझा जुना राग हा की त्यात 'बहुतेक', 'अनेक', 'काही' यांचा सुळसुळाट असतो. 'बहुतेक स्त्रियांनी वजनाबद्दल नाराजी व्यक्त केली.' बहुतेक म्हणजे किती? हे आकडेच आहेत, फक्त पदराआड लपवलेले. आकडा टाळायचा तर पूर्ण टाळा, नाहीतर उघड सांगा.

आणि एक सुचवतो. गाठोडं दोनदा चढलं हे निरीक्षण झकास. पण ते एका संध्याकाळचं आहे. निरनिराळ्या शेतांत काट्यापाशी बसा आणि नोंद करा. कोणत्या शेतात, कितवी वेचणी, किती गाठोडी परत काट्याला लागली, दुसऱ्यांदा आकडा वाढला की नाही, मुकादमीण हजर होती की नाही. मुकादमीण असताना गाठोडी परत चढतच नाहीत असं दिसलं, तर ती कुणाची माणूस आहे हा प्रश्न उभा राहील. हे कोष्टक म्हणजे तुमच्या कमिटीतल्या सरांची आकड्यांची हौसही भागेल, आणि खोटा कायस्क्वेअर लावावा लागणार नाही.

दुष्ट_परीक्षक :
'बहुतेक' बद्दल मान्य. माझ्याकडून अजून एक रडगाणं. विश्वासार्हतेच्या प्रकरणात सगळे जण लिंकन आणि गुबा, १९८५, चार निकष असं उतरवतात आणि 'त्रिकोणीकरण करण्यात आले' (म्हणजे एकच गोष्ट दोन-तीन बाजूंनी पडताळली) असं कर्मणी प्रयोगात लिहून मोकळे होतात. कुणी केलं? कुठे? दोन साक्षी जुळल्या नाहीत तेव्हा काय केलं? मालकीण एक सांगते, मजूर बाई दुसरं सांगते आणि काटा तिसरंच दाखवतो. तिथे 'खरं कोण' हे ठरवायच्या मागे न लागता, ही तिघं वेगवेगळं का सांगतात यावर प्रकरण लिहा.

आणि कृपा करून मुलाखतीचे प्रश्नच थीम म्हणून परत छापू नका. प्रश्न होता 'मजुरीच्या समस्या', थीम आली 'मजुरीच्या समस्या'. मग मुलाखती घेतल्या कशाला?

बोरीकाठ :
मंडळी, मधे काही दिवस गायब होते. तुमचं सगळं गाईडना प्रिंट काढून दाखवलं (टोपणनावं झाकून, शेवभाजींचे विनोदही गाळले). पुन्हा कमिटीपुढे गेले. मुलाखती राहिल्या, संख्या 'सुमारे २५, निवडीचे निकष पुढीलप्रमाणे' अशी लिहिली. मालकिणी आल्या. काट्याच्या नोंदींचं कोष्टक जोडल्यावर ते सर खूश. शीर्षकातलं 'खान्देशातील' मात्र मीच काढलं, आता तीन गावांची नावंही नाहीत, फक्त 'अमळनेर परिसरातील' आहे. तोंडी संमतीचा अर्ज दिलाय, उत्तर यायचंय.

सुरतपासिंजर भाऊ, मजुरी वाढेल असं मी कुणाला सांगणार नाही. काट्याच्या नोंदी पूर्ण झाल्या की आधी टोळ्यांना वाचून दाखवीन, नंतर कमिटीला देईन. मावशींना गाठोड्याचं विचारलं. म्हणाल्या, लिही, पण गाव नको, आणि मालकाला टक्कल आहे हे तर मुळीच नको.

सुरतपासिंजर :
चालेल. वाचून दाखवायला जाल तेव्हा संध्याकाळी जेवणानंतर जा. त्याआधी बाया चुलीपाशी असतात आणि ऐकायला पुरुषच येऊन बसतात.

सांख्यिक :
कोष्टकाचा कच्चा नमुना व्यनि (व्यक्तिगत निरोप) केला आहे. रकाने: शेत, तारीख, कितवी वेचणी, गाठोडी, परत चढलेली, फरक, मुकादमीण हजर, दर.

कळणा :
सर, रकाना राहिला. कापूस सकाळचा की दुपारनंतरचा? दवातला कापूस ओला असतो, वजन जास्त भरतं, म्हणून काही जण सकाळच्या गाठोड्यातून काटतात. किती काटायचं यावरूनच तर निम्मी कटकट असते. ते वेगळं लिहिलं नाही तर सगळा फरक दांडीच्या नावावर जाईल.

सांख्यिक :
दोन रकाने वाढवले. वेळ आणि ओलीची कपात. नवीन फाइल पाठवतो.